इला ता लिवल्यानी!

पक्ष कुठला ते विचारू नका. मुखपृष्ठावरचं चिन्ह बदलतं, पुस्तिका तीच राहते. जाड, गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर हात जोडलेले लोकप्रतिनिधी, दुसऱ्यावर तेच फीत कापताना, तिसऱ्यावर दिल्लीत कुणाच्या तरी हाती पुष्पगुच्छ देताना. नाव ‘कार्यअहवाल’. मालवणच्या बाजारात तिच्याबद्दल तक्रार एकच: वर्तमानपत्रात भजी बांधली तर कागद तेल टिपतो, ह्याच्यावर तेल नुसतं तरंगतं.

वाचली मात्र जाते. फुकटचा छापील कागद न वाचता टाकणं आमच्याकडे पाप आहे. परवा मासळीबाजारात एका म्हाताऱ्या तांडेलानं चष्मा चढवला, विमानतळाचं पान उलटंसुलटं केलं आणि विचारलं, “इला ता लिवल्यानी. गेला ता कोण लिवतलो?”

त्या पानावर चिपी होतं. सप्टेंबर २०१८ मध्ये चतुर्थीच्या तोंडावर तिथं चाचणीचं विमान उतरवलं, आणि विघ्नं आधीच टळावीत म्हणून असेल, त्यातून चक्क गणपती आणला. मार्च २०१९ मध्ये, निवडणुकीच्या उंबरठ्यावर, एक उद्घाटन झालं. प्रवासी विमानासाठी ९ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा झालं. तेव्हा उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर होते. विमान कसं उतरलं याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, दोघांच्या खुर्च्यांत अंतर किती याकडे होतं. पुढं ‘उडान’ योजनेची तीन वर्षांची मुदत सरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचं ते विमान बंद पडलं. त्या दिवशी फीत नव्हती, फोटोग्राफर नव्हता, श्रेय घ्यायला कुणी पुढं आलं नाही. साहजिकच पान नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्याचंही तेच. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिथं शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. नऊ महिनेही भरले नाहीत. मे २०२५ मध्ये नवा, आधीच्यापेक्षा उंच पुतळा उभा राहिला. आता अहवालात पहिलं अनावरणही आहे आणि दुसरंही. मधे काय घडलं म्हणून दुसऱ्याची गरज पडली, ते वाचकानं आपलं आपण समजून घ्यायचं.

खासदाराला वर्षाला पाच कोटींचा निधी असतो. नियमानं खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. पण कामाच्या जागी खासदाराच्या नावाची पाटी लावणं हेही नियमातच. रस्ता डांबराचा, पाटी दगडाची. आमच्या पावसात दोन्हींतलं काय उरतं ते सांगायला नको.

मग येतात राष्ट्रीय मुद्दे. गावच्या मेळाव्यात त्यांना गाऱ्हाण्याची लय असते. कलम ३७० हटवलं की नाही? व्हय म्हाराजा! राममंदिर झालं की नाही? व्हय म्हाराजा! ऑपरेशन सिंदूर? व्हय म्हाराजा! फरक इतकाच की खऱ्या गाऱ्हाण्यात मागणं रयतेचं असतं. इथं म्हाराजच मागतो आणि रयत होकार भरते. या सगळ्यात आमच्या माणसाचं स्वतःचं काम काय, तर योग्य वेळी बाक वाजवला.

एक राष्ट्रीय मुद्दा मात्र यादीत कधीच नसतो. एलईडी दिवे लावून मासे गोळा करून मारायला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं, त्यापुढचं केंद्राचं. दिवे पेटवणाऱ्यांना ही हद्द तोंडपाठ आहे, पकडणाऱ्यांनाच ती दर वेळी नव्यानं शोधावी लागते. रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय उरतं, ते बाजारातल्या टोपल्या बघितल्या की कळतं. पण बांगडा फोटोत चांगला दिसत नाही.

देशाचं बोलणं या मतदारसंघाला नवं नाही. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून इथले, म्हणजे तेव्हाच्या राजापूरचे, खासदार. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, १९६७ मध्ये, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पूर्ववत व्हावा म्हणून त्यांनी विरोधी बाकावरून खासगी विधेयक मांडलं. ते संमत झालं नाही, पण देशभर त्यावर वाद झाला. पुढं १९७१ मध्ये चोविसाव्या घटनादुरुस्तीनं सरकारनं स्वतःच तेच केलं. तोवर नाथ पै गेले होते. राष्ट्रीय मुद्दा असा स्वतः मांडायचा असतो, नुसता छापायचा नसतो.

इथवर सगळा दोष पुढाऱ्यांच्या माथी मारून आपण मोकळे झालो असतो, पण नाथ पैंनंतरचे इथले खासदार मधु दंडवते आडवे येतात. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला. ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना, १९९० मध्ये, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. त्याच वर्षी रोह्याला पायाभरणी झाली. आणि पुढच्याच निवडणुकीत, १९९१ साली, राजापूरनं त्यांना पाडलं. संपूर्ण मार्ग खुला झाला २६ जानेवारी १९९८ ला. तेव्हा दंडवते आमचे खासदार नव्हते.

नंतरच्या सगळ्या मंडळींनी तो निकाल नीट अभ्यासलेला दिसतो. रूळ आणण्यात उमेदीची वर्षं घालवणारा पडतो, मग कोनशिला गाठलेली काय वाईट? सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन जून २०१५ मध्ये झालं. दर चतुर्थीला दारात लोंबकळत येणारा चाकरमानी ठरल्याप्रमाणे झालेल्या टर्मिनसची अजून वाट बघतोय. भूमिपूजनाचा फोटो मात्र यंदा गेल्या खेपेपेक्षा मोठा छापलाय.