कादंबरीतील वहिवाट

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ने 1952 साली दापोलीकडचा मुलूख वाचकांच्या नावे जणू फेरफार करून दिला, तेव्हापासून दादर-पार्ल्यास पंख्याखाली पहुडून पोफळीच्या बागा, भाऊबंदकी आणि पिढीजात दावे यांचा निष्कंटक उपभोग घेणारा एक वर्ग उदयास आला. पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’च्या दोन्ही खंडांचे त्याने भक्तिभावाने पारायण केले आणि खोतांची मिजास व अधःपात वाचून जगबुडी नदीकाठी घर बांधण्याचा विलक्षण संकल्प सोडला. मे महिन्यात तो सहकुटुंब जातोही. परंतु पायरी आंब्याचा भाव ऐकताच आणि खुद्द चुलत्याने सातबाऱ्याचा विषय काढताच, कोकण कादंबरीतच अधिक वास्तव उतरते, असा अभिप्राय नोंदवून तो परतीच्या गाडीची चौकशी करू लागतो.