पोवई नाक्यावरचे आबा

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या दोन गुंठ्यांच्या मधोमध उभे राहून टाचेनं जमीन ठोकत होते. चार ठिकाणी ठोकून झाल्यावर म्हणाले, "साडेतीन फुटांवर मुरूम लागतोय साहेब. लिहून घ्या."

मी खरोखरच लिहून घेतलं. तीस वर्षं लेखापरीक्षणात काढलेल्या माणसाला 'लिहून घ्या' म्हटलं की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. पुढे पाया खणताना साडेपाच फूट खाली गेलो तरी काळी मातीच. मी डायरी उघडून आबांपुढे धरली. आबांनी डायरीकडे पाहिलं नाही, खड्ड्याकडे पाहिलं. जमिनीनं दिलेला शब्द फिरवावा तशा दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "फसवी निघाली की ओ."

खालचे दोन फूट 'एक्स्ट्रा'त धरले गेले. या शब्दाशी माझी ओळख झाली ती तिथे, त्या खड्ड्याच्या काठावर.

आबा बिल्डर नव्हेत. बिल्डर म्हणजे जो फ्लॅट विकतो, ज्याचं ऑफिस गार असतं आणि ज्याच्याविरुद्ध महारेराकडे जाता येतं. आपल्याच दोन गुंठ्यांवर आपणच बोलावलेल्या कंत्राटदारानं छळलं तर महारेराचा कायदा कामाचा नाही. मी शोधून पाहिलं. पाचशे चौरस मीटरच्या आतल्या भूखंडाला त्या नोंदणीतूनही सूट आहे. ग्राहक आयोगात जाता येतं. पण आबांविरुद्ध तिथे जायचं तर तारखेच्या दिवशी त्यांना घेऊन येणार कोण, हा प्रश्न होताच.

करार मात्र आम्ही स्टॅम्पपेपरवर केला. मालासह, चौरस फुटाच्या दरानं, सहा महिन्यांत. सही करण्यापूर्वी मी विचारलं, "आबा, या दरात काय काय आलं?"

"सगळं आलं."

एवढ्या मोकळ्या उत्तरावर कुठल्याही लेखापरीक्षकानं लाल शाई उघडायला हवी होती. मी पेन बंद केलं. मग यथावकाश कळलं की 'सगळं' यात सेप्टिक टाकी येत नाही, पाण्याची जमिनीतली टाकी येत नाही, कंपाउंड येत नाही, फाटक तर नाहीच. गच्चीवरची जिन्याची टोपी मात्र मोजमापात येते. मी तक्रार केली तेव्हा आबा समजुतीनं म्हणाले, "साहेब, सगळं म्हणजे घराचं सगळं. टाकी काय घरात असती व्हय?" यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

आखणीच्या दिवशी फक्कीच्या पांढऱ्या रेघा जमिनीवर पडल्या आणि आमच्या घरातून रडू फुटायचं बाकी राहिलं. नकाशावर ऐसपैस वाटलेली बेडरूम प्रत्यक्षात एका म्हशीला पुरेल न पुरेल एवढी दिसत होती. "एवढीशी?" बायको म्हणाली. आबा हसले. "वहिनी, आखणीत घर बारीकच दिसतंय. भिंती आल्या की मोठं हुतंय. सामान आलं की परत बारीक." हे वाक्य मी तेव्हा थापेत जमा केलं. नंतर ते अक्षरशः त्याच क्रमानं खरं ठरलं. आबांची हीच अडचण आहे. ते नुसतेच खोटं बोलत असते तर हिशेब सोपा होता.

आता मुख्य गोष्ट. आबांच्या बोलण्यात 'नाही' हा शब्द नाही. समोरच्याला तोंडावर 'नाही' म्हणणं त्यांच्या लेखी उद्धटपणा आहे. आपण काही विचारतो ते माहितीसाठी, अशी माझी समजूत होती. आबांची समजूत अशी की माणूस बिचारा काळजीत असतो म्हणून विचारतो. तेव्हा उत्तर द्यायचं ते काळजीला, प्रश्नाला नव्हे.

"सोमवारी गवंडी येतील का?"

"येतील की."

सोमवारी चिटपाखरू आलं नाही. मंगळवारी मी म्हटलं, "आबा, काल कोणीच आलं नाही."

"आलं न्हाई ना? मला वाटलंच."

फोन न उचलणारे कंत्राटदार पुष्कळ असतात. आबा तसे नाहीत. दुसऱ्या घंटीला उचलतात. "हा साहेब, पोवई नाक्यावर आलोय." पोवई नाक्यापासून माझी जागा दुचाकीनं पंधरा मिनिटांवर. पहिल्या वेळी मी गवती चहाची पात तोडून ठेवली. चौथ्या वेळी मी पात तोडणं सोडलं. सातारकरांना माहीत आहे, त्या नाक्यावर पूर्वी वाहतूक तुंबायची म्हणून जमिनीखालून रस्ता काढला. सगळं शहर मोकळं झालं, एकटे आबा अजून तिथेच अडकलेले आहेत. एकदा तर त्यांच्या फोनमधून कोंबडा आरवलेला मी स्पष्ट ऐकला. बायको म्हणाली, असेल एखादा नाक्यावर.

सहा महिन्यांच्या करारात आणखी एक गोष्ट धरायची राहून गेली होती, ती म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या यात्रा. आबांचे गवंडी माण तालुक्यातले, सेंट्रिंगवाले कऱ्हाडकडचे, प्लास्टरवाले खटावचे. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, म्हणून गवंडी गेले. ते परतेपर्यंत पुसेगावचा सेवागिरी महाराजांचा रथ, म्हणून प्लास्टरवाले. पौषात पालीचा खंडोबा, औंधची यमाई आणि मांढरदेवची काळूबाई, म्हणून बहुतेक सगळेच. चैत्रात शिखर शिंगणापूर. सगळे परतल्यावर फरशीवाला होळीला राजस्थानात गेलेला अजून आलेला नव्हता. नोकरीची सगळी वर्षं याच जिल्ह्यात काढूनही जी दैवतं मला धड माहीत नव्हती, ती मला माझ्या अर्धवट भिंतींनी शिकवली. "देवाला अडवू ने साहेब," आबा म्हणायचे, आणि यात्रेचा प्रसाद न चुकता आणून द्यायचे. त्यांनी आणलेली वेळच्या वेळी पोचलेली वस्तू म्हणजे तेवढीच.

बायकोचं आणि त्यांचं मात्र जमलं. ती तारखा विचारायची नाही. स्वयंपाकघराचा कट्टा किती उंच घ्यायचा यावर मी इंटरनेटवरून माप काढून ठेवलं होतं. आबांनी तो कागद घडी करून खिशात घातला, वहिनींना भिंतीला टेकून उभं केलं, हात कोपरात वाकवायला सांगितला आणि कोपराच्या खाली चार बोटं सोडून विटेच्या तुकड्यानं रेघ ओढली. "हितं." तिची पाठ या कट्ट्यावर पहिल्यांदाच दुखत नाही. माझा कागद त्यांनी परत दिला नाही. पुढे त्यावर मला गिलाव्याचा हिशेब लिहिलेला दिसला.

मग स्लॅबचा दिवस आला आणि मला दुसरेच आबा भेटले.

सकाळी सहाला मी पोचलो तर ते आधीच वर होते. पोवई नाक्यावर नव्हते, वर होते. अनवाणी सळईच्या जाळीवरून फिरत होते आणि पायाच्या अंगठ्यानं अंतरं चाचपत होते. दहा एमएमच्या सळया पाच इंचांवर, नकाशात लिहिल्याप्रमाणे. एका ठिकाणी सहा भरलं. बांधलेली तार सोडायला लावली. सळई खालच्या पत्र्याला टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायानं उडतात. आबा गुडघ्यावर बसून एकेक ठोकळा परत सरकवत होते. देव्हाऱ्यातल्या मूर्ती पुसून जागेवर ठेवाव्यात, तसे.

नारळ फुटला, मिक्सर सुरू झाला, घमेली वर चढू लागली. एका गोणीला किती वाळू, किती खडी ते पेटीनं मोजून. मिक्सरवरच्या पोराचा मात्र पाण्याच्या डब्यावर हात सैल होता. माल पातळ असला की ओतायला सोपा, पसरायला सोपा, आणि वाळल्यावर कच्चा. आबांनी वरूनच आवाज दिला. पोरानं ऐकलं, पुन्हा विसरलं. तिसऱ्या वेळी आबा खाली उतरले आणि मिक्सरमधला अख्खा माल त्यांनी जमिनीवर ओतायला लावला. एक गोणी सिमेंट गेलं. कोणाच्या खात्यावर, हे मी विचारलं नाही. एक्स्ट्रात ते कधी आलंही नाही. संध्याकाळी सातपर्यंत एकशे वीस गोण्या संपल्या. आबा दुपारी जेवले नव्हते, आणि दिवसभरात एकदाही खोटं बोलले नव्हते. हे मी डायरीत लिहिलं आहे, तारखेसह.

दुसऱ्या दिवशीपासून स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी साठवायचं काम माझ्याकडे आलं. संपूर्ण बांधकामात वेळेवर झालेलं काम ते एकच, आणि ते मालकानं केलेलं.

काम दोन महिने मागे होतं. खालचे टेकू निघाले तर आत प्लास्टर सुरू होईल, म्हणून मी अभ्यास करून आलो. भारतीय मानक ब्युरोचं आयएस ४५६ नावाचं पुस्तक आहे. साडेचार मीटरहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू चौदा दिवसांनी काढता येतात, असं त्यात दिलं आहे. आमचा हॉल सोळा फुटांचा, म्हणजे पावणेपाच मीटरच्या वर. पंधराव्या दिवशी सकाळी मी आबांना म्हटलं, "आज सेंट्रिंग खोलू या."

"न्हाई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे उद्या?"

"न्हाई. एकवीस दिवस."

"आबा, पुस्तकात चौदा आहेत."

"असतील. पुस्तकवाला येणार हाय का खाली झोपायला?"

तोवरच्या ओळखीत ऐकलेला पहिला नकार. त्यानंतर कितीदा तरी ते 'येतील की', 'हुतंय की', 'लावतो की' म्हणाले, पण ते ऐकताना मला कधी पूर्वीसारखा राग आला नाही. अर्थात ब्लडप्रेशर वाढायचं ते वाढलंच.

स्लॅबनंतर घर नव्वद टक्के झालं आणि मग सात महिने नव्वद टक्केच राहिलं. वीज झाली पण एक बटण उलटं. नळ आले पण एकाची तोटी नाही. मागच्या दाराला कडी नाही. जाणत्यांनी सांगितलं होतं, शेवटचे पैसे हातात धर म्हणजे माणूस झक मारत येतो. मी पन्नास हजार धरून ठेवले. आबांनी ते मागितलेच नाहीत. भेटले की माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचे. माझ्याकडे त्यांचे पन्नास हजार, त्यांच्याकडे माझी कडी, आणि मागच्या दाराला आतून लावलेला वरवंटा. असे आम्ही तीन महिने नांदलो.

हिशेबाचं म्हणाल तर तोही एकदा झाला. आबा हिशेब कागदावर ठेवत नाहीत, भिंतीवर ठेवतात. हॉलच्या कच्च्या गिलाव्यावर त्यांनी पेन्सिलीनं सगळा मांडला: वाढीव खोदाई, वाढीव मुरूम, कट्ट्याचा ग्रॅनाइट, आणि 'इतर' या नावाखाली अठरा हजार. मी 'इतर'वर बोट ठेवलं. आबा खिन्न झाले. म्हणाले, "तुम्हाला जास्त वाटतंय का? सोडा चारशे." चारशे खोडले. त्या औदार्यानं मी इतका गोंधळलो की उरलेल्या सतरा हजार सहाशेंबद्दल विचारायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढायला गेलो तोवर पुट्टीवाला पोचला होता. पुट्टीवाला म्हणे वेळेच्या आधी आला होता. लेखापरीक्षणाच्या इतिहासात खतावणी भिंतीत गाडली गेल्याचं हे बहुधा एकमेव उदाहरण असेल.

सतरा महिन्यांनी आम्ही राहायला गेलो. वास्तुशांतीला आबा आले, मोठा स्टीलचा डबा आहेर दिला, आणि पंगतीत बसून तिन्ही भिंतींकडे बघत राहिले. आम्हाला काय, आम्ही फक्त तिथे राहत होतो.

मग परवाच्या रविवारी फोन न करता आबा दारात. हातात पेचकस. मी चाटच पडलो. त्यांच्या मागे एक जोडपं उभं होतं. गृहस्थ प्राथमिक शिक्षक, खिशाला पेन, हातात डायरी. त्यांनीही शहराबाहेर दोन गुंठे घेतले होते.

"ह्ये आपलंच काम," आबा त्यांना म्हणाले. "बघा निवांत. सहा महिन्यांत दिलंय साहेबांना." आणि माझ्याकडे न बघता थेट मागच्या दाराशी जाऊन खिशातून कडी काढून बसवायला लागले.

बाई वहिनींबरोबर कट्टा बघायला गेल्या. गुरुजी घर फिरून आले. स्लॅबकडे मान वर करून बराच वेळ बघत उभे राहिले. कुठे भेग नाही, ओल नाही. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काम चांगलं दिसतंय. वेळ पाळतात ना?"

मागच्या दाराशी तीन स्क्रू बसले होते. चौथा आबांच्या चिमटीत होता आणि पेचकस थांबला होता.

"पाळतात की," मी म्हणालो.

पेचकस पुन्हा फिरायला लागला. गुरुजींनी डायरी उघडली आणि लिहून घेतलं.