समोर एकच आहे

लासूर स्टेशनात कॉम्प्युटर अडला की माणूस भाऊंकडे जातो. "भाऊ, विंडो मारून द्या," एवढंच म्हणायचं. बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान. उतारे, पीकविमा, लग्नपत्रिका, पासपोर्ट फोटो, आणि मग विंडो.

भाऊंची की मात्र एकच. औरंगाबादचं नाव औरंगाबादच होतं तेव्हा तिथून आणलेल्या विंडोज सेव्हनच्या डब्यावर २५ अक्षरांचं स्टिकर होतं. भाऊंनी ते सोलून लॅमिनेट केलं नि गल्ल्यात दाक्षायणी देवीच्या फोटोमागे ठेवलं. सोलताना एक अक्षर पुसट झालं. तो आठ की बी, हा वाद आजही मिटलेला नाही. (घोटाळा नको म्हणून कंपनीने या कीमध्ये शून्य आणि ओ दोन्ही वापरले नाहीत. आठ आणि बी मात्र ठेवले. आता काय बोलावं!)

कंपनीचा नियम असा, की मशिनीसोबत आलेला परवाना त्याच मशिनीचा. मशीन भंगारात गेलं की तोही गेला. भाऊंचं मशीन कधीच भंगारात गेलं. परवाना मात्र खताच्या तीन दुकानांत, एका पतसंस्थेत आणि माझ्या लॅपटॉपात सुखाने नांदतो आहे.

इंटरनेटवर की नाकारली जाई तेव्हा भाऊ कंपनीला फोन लावत. दुकानात चिडीचूप. ५४ आकडे दाबायचे, पलीकडून ४८ ऐकून लिहून घ्यायचे. मध्येच यंत्र विचारी, ही प्रत किती कॉम्प्युटरांवर टाकली आहे? भाऊ शांतपणे एक दाबत. मी डोळे वटारले तर म्हणाले, "सर, समोर एकच आहे ना?"

"पण भाऊ, एका तिकिटावर चौघांना संभाजीनगरला न्याल का?"

"तिकिटाला शीट लागतं, सर. कीला कुठं बूड टेकायला जागा लागती?"

खरं सांगतो, याला उत्तर सुचलं नाही. म्हणून कायदा काढला. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ बी: प्रत बेकायदा आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. भाऊंनी एवढंच विचारलं, "ते शेवटचं परत सांगा." तेव्हापासून विंडो मारण्याआधी ते प्रत्येकाला विचारतात, "घरगुतीच ना?" पतसंस्थेचा मॅनेजरही मान डोलावून गेला.

त्यांच्या भाच्याने लिनक्स सुचवलं. फुकट, हव्या तितक्या मशिनींवर टाका, कुणी विचारणार नाही. भाऊंचा चेहरा पडला. "फुकट? मग त्यात कायतरी लफडं असणार. आपण दोन नंबरचं काम करत नाही."

हल्ली स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं कायमची बसली आहेत. कांद्याची पट्टी घेऊन आलेल्या एका बाबांनी विचारलं, "भाऊ, कुणाची बाकी दाखवतंय हे?" भाऊ म्हणाले, "जुनी आहे, बाबा."

डिजिटल सहीच्या उताऱ्याला सरकार १५ रुपये घेतं. भाऊंचे वर वेगळे, आणि त्याच उताऱ्याची दुसरी प्रत मागितली तर झेरॉक्सचे आणखी वेगळे. काउंटरवर पाटी आहे, तीही लॅमिनेट केलेली: "वायफायचा पासवर्ड मागू नये. कनेक्शन एकाच दुकानापुरते आहे."