पाच मिनिटांचं काम

"अहो, अगदी साधी फ्लाय आहे. पाच मिनिटांचं काम!" असं म्हणून जो गृहस्थ तुम्हाला तळघराचा जिना उतरायला लावतो, त्याच्यामागे जाण्याआधी घरी निरोप ठेवावा. जेवून गेलात तर उत्तमच.

अमेरिकेत जिथे जिथे ट्राउट मासा आहे, तिथे तिथे हा गृहस्थ आहे. मेनमध्ये आहे, मोंटानात आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत तर दर चार घरांमागे एक असावा. मला जो जवळून पाहायला मिळाला, तो पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाईल गावाजवळचा. मुलीकडे हिवाळ्यात मुक्कामाला गेलेल्या पुणेकर आईबापांना शेजार निवडता येत नाही. बाहेर बर्फ, आत हीटर, आणि कुंपणापलीकडे हे.

"आपण ट्राउट पकडतो," अशी तो स्वतःची ओळख करून देतो. तिच्यावर विश्वास ठेवू नये. तो ट्राउटसाठी फ्लाय बांधतो. हुकाभोवती पिसं, केस, लोकर असलं काहीबाही दोऱ्याने आवळून माशाला फसवायचं जे खोटं भक्ष्य तयार होतं, ती फ्लाय. बहुतेक फ्लाय किड्यांची नक्कल करतात. स्ट्रीमर ही जात जरा मोठी. ती छोट्या माशांची, जळवांची, पाण्यातल्या अळ्यांची सोंगं घेते. ब्राउन ट्राउट अंगाने थोराड झाला की चिलटांवर त्याचं भागत नाही, तो लहान मासे गिळू लागतो, आणि त्यात स्वतःचे पुतणेभाचेही सोडत नाही. म्हणजे स्ट्रीमर हे मुळात भाऊबंदकीवर उभं राहिलेलं शास्त्र. त्यातलं मर्म मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गर्दीत हा माणूस ओळखायचा कसा? स्वेटरच्या कोपराला एखादं पीस चिकटलेलं असतं. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, आणि हात खिशात तिसरा शोधत असतो. कोणाच्या घरी कुत्रं दिसलं की हा त्याला कुरवाळतो, पण कुरवाळताना केसांची लांबी बघतो. स्वतःच्या घरचं कुत्रं अनुभवाने शहाणं झालेलं असतं. मालकाने कात्री उचलली की ते सोफ्याखाली जातं.

तळघरात शिरताच पैठण्यांची ट्रंक उघडल्यासारखा डांबरगोळ्यांचा वास येतो. पिसांना कसर लागू नये म्हणून हा बंदोबस्त. भिंतीला लागून खणच खण: मोर, तितर, टर्की, ससा, आणि पिवळ्या, तांबड्या, हिरव्या रंगात बुडवून काढलेल्या हरणांच्या शेपट्या. नवं कातडं आलं की किडे मरावेत म्हणून ते आधी काही दिवस फ्रीझरमध्ये जातं. वाटाण्याच्या पिशवीमागे एक बदक आहे आणि ते खायचं नाही, हे त्या घरात जावयाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं होतं. रस्त्यात गाडीखाली आलेली खार पाहून आपण हळहळतो. तोही हळहळतो, पण गाडी थांबवून, खाली उतरून, शेपटी शाबूत आहे का ते बघून.

त्याच्या घरच्या बाईंचा, म्हणजे बायकोचा, सोशिकपणा हा खरं तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्यांच्या नेलपॉलिशची बाटली एकदा जिना उतरली ती परत वर आली नाही. फ्लायच्या डोक्यावरची शेवटची गाठ पक्की करायला तो रंगहीन थेंब फार चांगला, असं या संप्रदायातल्या पुष्कळांचं मत आहे. बाई आता दोन बाटल्या आणतात आणि एक परस्पर जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवतात.

आता ती पाच मिनिटं.

नवशिक्याला पहिल्यांदा शिकवतात ती फ्लाय म्हणजे वूली बगर. पेनसिल्व्हेनियाच्याच रसेल ब्लेसिंग यांनी 1967 साली ती बांधली, डॉब्सनफ्लाय नावाच्या किड्याची पाण्यातली अळी डोळ्यांपुढे ठेवून. शेजाऱ्यांच्या बोलण्यात हे साल इतक्या वेळा येतं की त्यांच्या लग्नाचं सालही तेच असावं असं मी बरेच दिवस समजत होतो. साहित्य मोजकंच: लांब दांड्याचा आठ नंबरचा हुक, काळा दोरा, शेपटीला मॅराबूचं मऊ पीस, अंगाला शेनील नावाची लवदार दोरी, तांब्याची बारीक तार आणि कोंबड्याचं एक लांब पीस. हुकाचा नंबर जितका मोठा तितका हुक लहान. असं का, ते विचारू नये; उत्तर आहे, आणि ते लांब आहे.

हुक व्हाइसच्या, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्याच्या, जबड्यात पकडायचा आणि बोटाने छेडून पाहायचा. 'टिंग' असा स्वच्छ आवाज आला तर पकड बरोबर. गृहस्थांना पहिला टिंग पसंत पडत नाही. दुसराही नाही. सातव्या-आठव्या टिंगला ते मान डोलावतात आणि दोरा सुरू करतात. हुकाच्या डोळ्यामागून निघायचं, वेढ्याला वेढा लावत वळणापर्यंत जायचं. तिथे शेपटी. मॅराबू हा मूळचा आफ्रिकेतला करकोचा, पण आज त्या नावाने मिळतं ते टर्कीचं पीस. ते इतकं मऊ की श्वासाने उडतं, म्हणून बोटं ओली करायची. ओली कशाने करायची, हे मी पाहिलं आणि त्यानंतर त्यांच्या घरी चहाबरोबरचं बिस्कीट स्वतःच्या हाताने घेऊ लागलो. शेपटी हुकाच्या दांड्याएवढी हवी. ती मोजली जाते, कापली जाते, पुन्हा मोजली जाते. मग शेनील पुढे गुंडाळायची, कोंबड्याचं पीस मागून पुढे मोकळ्या वेढ्यांनी फिरवायचं आणि ते ट्राउटच्या दातांना टिकावं म्हणून तार उलट्या दिशेने वर घ्यायची. पाण्यात पीस फुलतं, मिटतं, आणि मेलेली कोंबडी जिवंत माशाचं काम करू लागते.

या सगळ्यात एक मंत्र चालू असतो: "डोळ्यामागे जागा सोडा." शेवटच्या गाठीला हुकाच्या डोळ्यामागे चिमूटभर दांडा मोकळा लागतो. नवशिक्या तिथपर्यंत सामान कोंबत जातो आणि मग गाठ मारायला जागाच उरत नाही. हे त्यांनी मला इतक्या तळमळीने समजावलं की समजावण्याच्या भरात स्वतःच तिथपर्यंत कोंबलं. मग ब्लेड निघालं, सगळं खरवडलं गेलं, आणि पुन्हा टिंग.

मी एकदा विचारलं, "शेपटी एवढीशी आखूड झाली तर ट्राउटला कळतं?"

"ट्राउटला नाही हो," ते म्हणाले, "क्लबातल्या लोकांना कळतं."

साधी फ्लाय साधी ठेवणं या माणसाच्या प्रकृतीला मानवत नाही. आधी डोक्याला पितळी मणी येतो, मग अंगावर चकाकत्या धाग्यांचे दोन पदर, मग रबरी पाय. इतकं झाल्यावर ती ब्लेसिंग यांची राहत नाही, यांची होते, आणि बारसं करावं लागतं. ब्लेसिंग यांच्या फ्लायपेक्षा आमच्या शेजाऱ्यांच्या फ्लायमध्ये जांभळे दोन धागे जास्त आहेत. हे गुपित त्यांनी कसोशीने जपलं आहे. फक्त मला, पोस्टमनला आणि नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितलं.

त्यांची कुलदेवता म्हणजे मेन राज्यातल्या अप्पर डॅमच्या कॅरी स्टीव्हन्स. बाईंना टोप्यांना पिसं लावून सजवण्याचा हात होता. 1 जुलै 1924 रोजी हातातलं घरकाम टाकून त्यांनी एक स्ट्रीमर बांधला, धरणाजवळ जाऊन टाकला, आणि 6 पौंड 13 औंसांचा, म्हणजे तीन किलोंच्या वर भरणारा ब्रुक ट्राउट बाहेर काढला. 'फील्ड अँड स्ट्रीम' मासिकाच्या त्या वर्षीच्या स्पर्धेत तो दुसरा आला. त्याच घराण्यातून पुढे त्यांची 'ग्रे घोस्ट' ही फ्लाय जगभर गेली. बाई व्हाइस वापरत नसत, हुक सरळ बोटांत धरून बांधत. ही गोष्ट आमचे शेजारी हात जोडल्यागत सांगतात, आणि ती सांगत असताना त्यांच्यासमोर फिरत्या मुंडीचा, दुचाकीच्या किमतीचा व्हाइस उभा असतो. यातली विसंगती मी दाखवली नाही. थंडीचे दिवस होते, आणि त्यांच्या तळघरातला हीटर आमच्यापेक्षा चांगला होता.

त्या ग्रे घोस्टने मात्र माझी कॉलर ताठ केली. तिच्या दोन्ही गालांवर एकेक छोटं पीस असतं, त्यावर मेणाचा थेंब गोठावा तसा पिवळट पांढरा ठिपका. माशाचा डोळा वाटावा असा. "हे जंगल कॉकचं. सगळ्यांत मौल्यवान," म्हणून त्यांनी काचेच्या डबीतून चिमट्याने एक पीस काढलं. पाहतो तर आपला करडा रानकोंबडा! सह्याद्रीच्या जंगलात भल्या पहाटे ओरडून डोंगर जागा करतो, तोच. भारतात या पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे बाहेरचे कारागीर पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवतात. "हा आमच्याकडचा," असं मी म्हटलं मात्र, गृहस्थांनी मला बसायला आपली खुर्ची दिली. त्या दिवसापासून रानकोंबडा मीच वाढवला असावा, अशा आदराने ते मला वागवू लागले. मीही फार खोलात जाऊन गैरसमज दूर केला नाही.

पिसांपायी माणूस किती घसरू शकतो याचा दाखला म्हणून ते ट्रिंगची चोरी सांगतात. 2009 साली लंडनमध्ये शिकणाऱ्या एडविन रिस्ट नावाच्या अमेरिकन बासरीवादकाने ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची काच फोडली आणि पक्ष्यांची 299 कातडी बॅगेत भरून नेली. जुन्या काळच्या सामन फ्लाय बांधणाऱ्यांच्या बाजारात त्या पिसांना सोन्याचा भाव. काही कातडी तर निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेली. "नीच माणूस!" शेजारी म्हणतात. मग थोडं थांबून: "निळा कोटिंगा पक्षीही होता म्हणे त्यात."

2011 सालची आठवण त्यांना याहून जास्त बोचते. त्या वर्षी पोरींनी केसांत कोंबड्याची लांब पिसं माळण्याची टूम काढली. ब्यूटी पार्लरवाल्यांनी मासेमारीच्या दुकानांतली पाकिटं एकगठ्ठा उचलली आणि भाव गगनाला भिडले. गृहस्थांनी आपला साठा गादीखाली हलवला. पण घरचा भेदी कोणाला चुकलाय? नातीला वाढदिवसाला काय हवं म्हणून विचारलं, तर तिने नेमकं तेच मागितलं. त्यांनी दोन पिसं दिली. तीही आखूड.

"बाजारात एका फ्लायला तीन डॉलर घेतात. घरी बांधली की पैसे वाचतात." हा त्यांचा अर्थशास्त्राचा सिद्धान्त. या बचतीसाठी आजवर किती खर्च झाला, ते बाईंनी एका वहीत लिहून ठेवलं आहे. वही त्यांनी मला दाखवली. वाचत आलेल्या पैशांत अजून एक तळघर झालं असतं.

एप्रिलचा पहिला शनिवार हा पेनसिल्व्हेनियात ट्राउटच्या हंगामाचा पहिला दिवस. सकाळी आठ वाजता परवानगी सुरू होते, आणि आठला पाच कमी असताना ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं घड्याळाकडे डोळे लावून उभी असतात. आमचे गृहस्थ चार डब्या फ्लाय घेऊन आलेले. आठ वाजले, सगळ्यांच्या दोऱ्या पाण्यात पडल्या. यांची डबी उघडली ती मिटेचना; शेजारच्या माणसाला ते जांभळे दोन धागे दाखवत होते. पुढची पंधरा मिनिटं दोघे एकमेकांच्या डब्यांत डोकं घालून उभे. पलीकडे एका शाळकरी पोराने हुकाला डब्यातला मक्याचा दाणा लावला आणि दोन ट्राउट काढले. गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. काही गोष्टी सभ्य माणसाने पाहायच्याच नसतात.

शेवटी त्यांनी फ्लाय टाकली. पहिली सिकामोरच्या झाडाला गेली. दुसरी त्याच झाडाच्या वरच्या फांदीला. तिसरी पाण्यात पडली, त्यांनी दोरी झटक्याझटक्याने ओढली, आणि पाण्याखालून पिवळसर पोटाची एक धिप्पाड सावली उठून फ्लायमागे आली. मीसुद्धा श्वास धरला. गळाला लागला, झुंजला, हाती आला. चांगला हातभर ब्राउन ट्राउट. त्यांनी त्याला पाण्याबाहेर नीट काढलंही नाही. हुक सोडवला, प्रवाहाकडे तोंड करून क्षणभर धरला आणि सोडून दिला. मग ते बराच वेळ न्याहाळत बसले ते त्या फ्लायला. "तार टिकली बघा," ते म्हणाले.

त्या रात्री त्यांच्याकडे जेवायला सामन होता, दुकानातून आणलेला.

निघायच्या आदल्या दिवशी ते निरोप द्यायला आले. महाराष्ट्रात ट्राउट कुठे मिळतो, असं त्यांनी विचारलं. काश्मीर-हिमाचलात इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला आहे, आमच्या बाजूला मात्र एकही नाही, असं मी सांगितलं. वाटलं, बिचारे हिरमुसतील.

"ते असू द्या हो," जवळ सरकून त्यांनी आवाज खाली आणला. "कोंबडे कसे आहेत?"