३.०७

इंग्लंडातल्या कुठल्याही जुन्या वस्तीत रविवारी सकाळी चक्कर मारा, एखाद्या तरी दारात गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसतीलच. पायांत उसवलेले बूट, शेजारी जमिनीवर चहाचा मग, चहा गार आणि त्यावर तेलाचा तवंग. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या गल्लीत हे पाय शेजारच्या बुवांचे. ‘बुवा’ हे आमच्या घरात पडलेलं नाव. त्यांच्या तोंडावर आम्ही रीतसर मिस्टर वगैरे म्हणतो.

बुवांची गाडी १९६६ ची एमजीबी. उघडी, दोन माणसांची, तारांच्या चाकांची. ज्या गावाने ट्रायम्फ आणि जॅग्वार बनवल्या त्या गावात राहून ॲबिंग्डनची एमजी पाळणं म्हणजे फितुरीच, पण हा विषय त्यांच्यापुढे काढू नये. मागच्या ॲक्सलचा तर मुळीच काढू नये. मी एकदा नुसतं “काय चाललंय?” म्हटलं आणि घरी भाजी करपली.

त्या दिवशी मिळालेलं ज्ञान असं. मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरेन्शियल असतं. त्यात ११ दातांचा पिनियन ४३ दातांच्या क्राउनला फिरवतो. ४३ भागिले ११ म्हणजे ३.९०९. चाकाचा एक फेरा व्हायला पुढून येणारा शाफ्ट जवळजवळ चारदा फिरायला हवा. १९६२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आता मोटरवेवर कायद्याच्या ७० मैलांनी जायचं तर इंजिन मिनिटाला ३,९०० फेरे मारतं आणि शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागतं. १९७३ साली एमजीनेच याच गाडीत रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ इंजिन घातलं, तेव्हा तिला ४३ आणि १४ दातांची जोडी दिली. म्हणजे ३.०७. तीनेक वर्षांत अशा फक्त २,५९१ गाड्या निघाल्या. बुवांना या ३.०७ ने झपाटलं.

“त्रेचाळीस मूळ संख्या आहे,” ते म्हणाले. पत्रिका उत्तम जुळल्याचं सांगावं तशा आवाजात. “पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला कधी ना कधी भेटतोच. झीज सगळीकडे सारखी.”

आता खरं सांगायचं तर या दुखण्यावर सोपं औषध होतं. त्या काळी ज्यादा पैसे भरले की एमजीबीला लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह मिळे. डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की इंजिनाचे फेरे वीसेक टक्क्यांनी उतरतात, म्हणजे ३.०७ ने उतरतात तेवढेच. वर पहिला गिअर होता तसाच राहतो. क्लबातल्या निम्म्या गाड्यांना तो आहे आणि ती मंडळी बुवांना हे दर महिन्याला पबात ऐकवतात. बुवा ग्लासातल्या फेसाकडे बघत राहतात. वीज लावून गिअर बदलणारा माणूस उद्या बुटाचे बंदही विजेवर बांधेल, असं त्यांचं मत आहे. माझं मत वेगळं आहे. ओव्हरड्राइव्ह घातला असता तर काम दोन शनिवारांत संपलं असतं, आणि बुवांची खरी भीती ती होती.

ॲक्सलची मात्र काळजी नव्हती, ते प्रकरण संपणारं नव्हतंच. १९६६ च्या उघड्या एमजीबीला जुन्या घडणीचा बॅन्जो ॲक्सल, ३.०७ ची जोडी बसते ती नंतरच्या ट्यूब ॲक्सलमध्ये. म्हणून अख्खा ॲक्सल बदलायचा. पण व्ही-८ चा ॲक्सल तारांच्या चाकांना चालत नाही, तो रुंद पडतो. म्हणून तारांच्या चाकांचा ट्यूब ॲक्सल एकीकडून आणि क्राउन-पिनियन दुसरीकडून. मग कळलं की प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळत नाही. मग हँडब्रेकची केबल. दर खेपेला नवी अडचण निघाली की बुवा हताश चेहरा करून घरात जात आणि आतून शीळ ऐकू येई.

एका संध्याकाळी त्यांनी मला दिवा धरायला बोलावलं. डिफरेन्शियल बाकावर मोकळं पडलं होतं. बुवांनी रंगकामाच्या बारीक ब्रशने क्राउनच्या चार दातांना निळा लेप दिला, क्राउन एकदा पुढे, एकदा मागे फिरवलं आणि डोळ्याला भिंग लावलं. पिनियनने घासून जिथे लेप पुसला होता तिथे तांदळाच्या दाण्याएवढा चकचकीत ठसा होता. तो दाताच्या मध्यावर हवा. टाचेकडे सरकला तर ॲक्सल जन्मभर रडणार. बुवांनी पिनियनमागची शिम, म्हणजे पातळ चकती, काढून दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, अधिक जाड शिम घातली, पुन्हा लेप, पुन्हा भिंग. ठसा कणभर सरकला. मला तो पहिल्यासारखाच दिसला, पण मी “वा!” म्हटलं. तेवढ्यात आतून त्यांच्या बाईंचा आवाज आला. बेअरिंगं फुगून सहज बसावीत म्हणून बुवांनी ती ओव्हनमध्ये ठेवली होती, रविवारच्या रोस्टच्या खालच्या कप्प्यात. ईपी ९० तेलाचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना त्या जेवणाबद्दल वेगळं सांगायला नको.

वसंतात गाडी रस्त्यावर आली. पहिला मान माझा. मोटरवेवर काटा ३,००० च्या जरा वर टेकला आणि इंजिन खरोखर गप्प झालं. त्याबरोबर टपाचं कापड फडफडतंय, डावं दार खुळखुळतंय आणि सीटखाली एक पाना इकडून तिकडे घरंगळतोय, हे सगळं स्वच्छ ऐकू येऊ लागलं. स्पीडोमीटरला ॲक्सल बदलल्याचं कुणी कळवलं नव्हतं. तो ५५ दाखवत होता, गाडी ७० ने चालली होती. गावात शिरल्यावर त्याच्यावर विसंबून ३० ने जायचं म्हटलं तर प्रत्यक्षात ३८ होतात. बुवांनी काचेवर तक्ता चिकटवला आहे. कॅमेऱ्यापाशी चष्मा लावून तो वाचतात.

पण खरी परीक्षा चढावरच्या सिग्नलला झाली. पहिला गिअर आता इतका लांब की १८०० सीसीच्या इंजिनाला गाडी जागची हलवताना धाप लागली. क्लच जळल्याचा वास आला, गाडी दोन आचके देऊन बंद पडली, मागे हॉर्न सुरू झाले. मला वाटलं, बुवा खचले. पाहिलं तर चेहऱ्यावर पहाट फुटलेली.

“ॲक्सलचा दोष नाही,” ते म्हणाले. “ॲक्सल व्ही-८ चा आहे. त्याला व्ही-८ हवं.”

घरी पोचेपर्यंत वकिली पूर्ण झाली होती. ते इंजिन ॲल्युमिनियमचं, त्यामुळे या लोखंडी चार सिलिंडरवाल्यापेक्षा वजनाला जास्त भरत नाही. ताकद १३७ अश्वशक्ती. एमजीने स्वतःच बसवलेलं, म्हणजे पाप नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्याचं काही ओव्हनमध्ये घालावं लागतं?”

बुवांनी प्रामाणिकपणे विचार केला. “टॅपेट कव्हरं. वरचा रंग पक्का भाजायला.” मग बाईंना धीर यावा म्हणून, “दोनच असतात.”