माझं, तुझं आणि बाईंचं

चौथीच्या बाईंचं टेबल म्हणजे पोलीस ठाण्यातला मुद्देमाल. अर्धी पट्टी, टोपणं हरवलेली पेनं, चावलेल्या पेन्सिली, एकटाच पायमोजा, शिवाय चिंच. आज 'माझा-तुझा'चा तास. षष्ठी विभक्ती हा शब्द बाई वर्गात काढत नाहीत. षष्ठी म्हटलं की पोरांना चंपाषष्ठीचं भरीत-रोडगं आठवतं आणि तास तिथेच संपतो. बाकीचे गुरुजी फळ्यावर चा-ची-चे लिहून खुर्चीत टेकतात. या बाई आधी दप्तरांची झडती घेतात, मग व्याकरण.

अशा बाई जिल्हा परिषदेच्या कुठल्या ना कुठल्या शाळेत सापडतातच. पदराला खडू पुसलेला, आवाज पार अंगणवाडीपर्यंत.

"ही पट्टी कोणाची?" सगळा वर्ग हात वर करतो. "आणि हा मोजा कोणाचा?" वर्ग छताकडे बघतो. मग एक पोरगी शेजारच्याकडे बोट करते, "बाई, ह्याचा!" तृतीयपुरुष मुद्दाम शिकवावा लागतच नाही.

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्याच्या आधीही पोरं 'माझी गोटी दे', 'माझा भोवरा दे' अशीच भांडत असणार, लिंगात तसूभर चूक न करता. बाईंचं मत असं, की भांडणात मुलाचं व्याकरण कधी चुकत नाही, निबंधातच चुकतं. म्हणून भांडण जुंपलं की त्या सोडवायला जात नाहीत, कान देऊन ऐकतात. फक्त "माझा खोडरबर" आणि "माझं खोडरबर" असे दोन पक्ष पडले, की मध्ये पडतात. लिंगाचा निकाल लागेपर्यंत ते कोणाचं हे दोघंही विसरलेले असतात, आणि खोडरबर बाईंच्या टेबलावर जमा होतं.

स्वेटरवाल्या एका मुलीला मात्र त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले. "कोणाचा गं?" म्हटल्यावर ती म्हणाली, "ताईचा होता, आता माझा, पुढच्या वर्षी धाकट्याचा."

२०२३ साली बालभारतीच्या पुस्तकांत 'माझी नोंद' नावाची कोरी पानं आली. बाईंना कोण आनंद! मुलांनी आपापलं काही लिहावं म्हणून त्यांनी फर्मान काढलं. एकाने लिहिलं, 'माझी नोंद : माझी पेन्सिल बाईंकडे आहे.'

खरी कसोटी असते ती 'आमचा' आणि 'आपला' यांची. ऐकणाऱ्याला वगळायचं असेल तर आमचा, सामील करून घ्यायचं असेल तर आपला. बाईंनी हे खिचडीवर शिकवलं होतं, त्यामुळे पक्कं बसलं होतं. मग केंद्रप्रमुख आले. पहिल्या बाकावरचा उठून खणखणीत म्हणाला, "ही आमची शाळा!"

बाई दातओठ खात कुजबुजल्या, "आपली म्हण, आपली."

"पण बाई, साहेब कुठं आपल्या शाळेत आहेत?"

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. व्याकरण पोराच्या बाजूने होतं आणि शेरेबुक साहेबांच्या हातात.

पुढच्या आठवड्यात त्याच पठ्ठ्याने मावशीच्या लग्नासाठी रजेचा अर्ज आणला. शेवटी लिहिलेलं : 'आमचा आज्ञाधारक विद्यार्थी'.

"अरे, अर्जात 'आपला' लिहायचं असतं!"

"पण बाई, लग्नाला तुम्ही कुठं येताय?"

बाईंनी दोन दिवसांची मागितलेली रजा तीन दिवसांची करून दिली.