केवलमूल्य शिका, मार्गे अहमदपूर

साहित्य: वही, पेन आणि दोन उभे दांडे. दांडे विकत आणू नयेत. वायरश्ट्रास नावाच्या जर्मन गणितज्ञाने (हा आधी शाळामास्तरच) ते १८४१ मध्ये वापरले, तेव्हापासून फुकट मिळतात.

आता नांदेड-लातूर रस्ता सरळ रेघेत आखा. प्रत्यक्षात तो तसा नाही, पण वहीत खड्डे नसतात. अहमदपूर म्हणजे शून्य. लातूरची बाजू अधिक, नांदेडची उणे. इथे नांदेडकर उठून उभे राहतील. महसूल आयुक्तालय कुणाकडे यावरून आधीच वाजलेलं, त्यात उणे म्हणवून कोण घेईल? चिन्हं उलटी करा, लातूरकर उठतील. वादात न पडता दोन्हीकडे दांडे घाला: |−५| = ५, |५| = ५. केवलमूल्य म्हणजे शून्यापासूनचं अंतर, आणि अंतर कधी उणे नसतं. मंडळी खाली बसतात.

नवशिके दांड्यांच्या आत दिसेल त्या उणे चिन्हाचं अधिक करतात आणि |३ − ८| चे ११ करून ठेवतात. आधी आतली वजाबाकी करा, −५ येऊ द्या, मगच दांडे काढा. उत्तर ५.

घरगुती उपयोग: 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला उणे १. सराव परीक्षेत −१२ पडले, तर लातूरच्या खोलीवरून घरी फोन करून "बारा" सांगावं. सगळे १८० प्रश्न चुकवलेल्याला तर थेट "एकशे ऐंशी" सांगता येतं. क्लासची फी भरलेला बाप मात्र चिन्ह विचारतो.

शेवटी समीकरण: |क्ष| = २०. हे मी पुस्तकात नाही, पंक्चर झालेल्या मोटारसायकलशेजारी शिकलो. अहमदपूरच्या मामांना फोन लावला.

"कुठं हाईस?"

"अहमदपूरपासनं वीस किलोमीटरवर."

मामा पंक्चरवाल्याला मागं बसवून निघाले ते चाकूरच्या अंगाला वीस किलोमीटर जाऊन थांबले. मी लोह्याच्या अंगाला, बाभळीखाली. आमच्यातलं अंतर |२० − (−२०)|, म्हणजे ४० किलोमीटर, आणि तेवढ्या लांबूनही मामांचा आवाज फोनशिवाय ऐकू येईल असा.

तेव्हा उत्तर लिहिताना क्ष = २० किंवा क्ष = −२०, दोन्ही लिहा. एकच लिहिलं तर परीक्षेत गुण कापतात. आमच्यात पेट्रोलचे पैसे कापले.